सशाचा सोमवार

"सरका, सरका! म्हाराजांनी तोंड फिरिवलं!"

अंगणात शे-दीडशे माणूस. कुणी दगडी गडग्यावर चढलेलं, कुणी सोडलेल्या बैलगाडीत उभं, बायका सोप्याच्या कडेला डोक्यावरचा पदर सावरत बसलेल्या. मधोमध पाट, पाटावर लाल मखमल आणि मखमलीवर एक पांढराशुभ्र ससा. त्याच्यापुढं कोवळी हराळी, गाजरं, कोथिंबिरीची जुडी. सशानं एका काडीलाही तोंड लावलं नव्हतं. कुणी हराळी त्याच्या नाकाशी नेली की तो मान वळवायचा, आणि मान वळली की अंगणभर "हर हर म्हादेव" व्हायचं. कारण त्या दिवशी सोमवार होता आणि ससा सोमवारचा उपास धरत होता.

हसू नका. मीही हसलो नाही, कारण हसायलासुद्धा अंगात त्राण लागतं. सन शेहेचाळीसचा वैशाख होता. मी तासगाव तालुक्यात गुरांचा डॉक्टर. लोक मला ढोरडाक्तर म्हणायचे, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पाऊसकाळाच्या आधी घटसर्पाची लस टोचायला मी खोरेवाडीत आलो होतो, आणि टोचायला एक बैल पुढं येईना. बैलांचे मालक सगळे सशापुढं हात जोडून बसलेले.

सतरा वर्षांच्या नोकरीत मी घाम फुटणारी देवी पाहिली, भविष्य सांगणारी पाच पायांची गाय पाहिली, विहिरीतून बोलणारा पणजोबा पाहिला. दर वेळी घसा कोरडा केला, दर वेळी दोन माणसांना पटलं आणि पुढच्या गावात नवं काहीतरी सुरू झालेलं. त्या सकाळी मी मनाशी म्हटलं, धरू दे बापडा उपास. आपल्याला काय करायचंय? बैल टोचावेत आणि घरी जाऊन पाय शेकावेत.

ससा होता हंबीररावाचा. हंबीरराव पलटणीत. त्याचा साहेब विलायतेला निघाला, तेव्हा जाताना बंगल्यातला ससा त्याच्या हवाली करून गेला. हंबीररावानं रजेवर येताना तो बायकोसाठी आणला. विजयमाला तिचं नाव. लग्नाला दोन वर्षं झालेली, नवरा घरात महिनाभरही राहिलेला नाही. तिला तेवढीच सोबत. तो पलटणीत परतला आणि घरातला कर्ता पुरुष, म्हणजे त्याचा चुलता गुंडा, याच्या नजरेत ससा भरला. गुंडानं आधी विंचवाचं औषध विकून पाहिलं होतं, पुरलेलं धन दाखवणारा कंदीलही काढून झाला होता. त्या दोन्हींतून काही निघालं नाही. ससा मात्र चालला.

"ह्यो ससा न्हवं, गड्यांनो!" गुंडा छातीवर हात ठेवून सांगत होता. "हिमालयात बारा वर्सं एका पायावर हुबा ऱ्हायलेला सादू हाय त्यो. सायबाच्या बंगल्यात जलम का घेतला? इंग्रजाला घालवाया! आता इंग्रज निगालाय का न्हाई?"

"निगालाय!"

"मग! आता जरा गप ऱ्हावा. दात ऐका. जप चाललाय."

अंगण चिडीचूप झालं. सशाचे दात करकर वाजत होते. बायकांनी डोळे मिटले. मी ती करकर ऐकली आणि सशाकडं नीट पाहिलं. जनावर दात खातं ते जपासाठी नव्हे, कळ सोसवत नाही म्हणून. ससा पाठीला कुबड काढून, पाय पोटाशी घेऊन, डोळे अर्धे मिटून बसला होता. गुंडा त्याला समाधी म्हणत होता.

"आन पाटंचं तर लय नवाल," गुंडा पुढं म्हणाला. "सोताच्या देहातनं अमृत काडतुया आन सोताच पितुया! म्हून तर त्येची गोळी पोटाच्या दुखन्यावर चालती."

पुढच्या रांगेतल्या आकाराम म्हाताऱ्यानं मान डोलावली. "मी तीन खाल्ल्या. लय उतार हाय."

मी पिशवी उचलून निघणारच होतो, तेवढ्यात पाटाच्या पलीकडं एक बाई दिसली. हरणाबाई तिचं नाव. आटपाडीकडची, मेंढरं घेऊन माळावर उतरलेल्या धनगरांच्या तळावरची, वाड्यातली. मांडीवर दीड वर्षांचं पोर, अर्जुना. पोर रडत होतं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. मी खाली बसलो, त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"हगवण कधीपासून?"

"परवापास्नं, दादा."

"पाणी कधी पाजलंस?"

"काल सांच्यापास्नं न्हाई. गुंडाबाबांनी सांगितलंय, सशासंगं सोमवार धर. उद्याच्याला ससा खाईल, तवाच पोराच्या तोंडात काय त्ये."

हगवण लागलेली वासरं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या अंगातलं पाणी संपतं आणि ती पाय झाडून पडतात. माणसाचं पोर काही वेगळं नसतं.

"बाई, उद्यापर्यंत हे पोर राहायचं नाही," मी सांगून टाकलं. "आत्ता पाणी पाज. मग मीठ घातलेली भाताची पेज, घोट घोट."

"डाक्तर!" गुंडा गरजला. "तुमी बैलाची शेपटी धरा जावा!" अंगण खदखदून हसलं.

हरणाबाई हसली नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "आवं दादा, तुमी जनावराचं डाक्तर. धा गावचं देव केलं तवा ह्यो झालाय. मोडून पाजलं आन ह्येला काय झालं, तर मला वाड्यात कोन घील? ससा आज खाऊ द्या. त्यो खाईल त्या घटकेला मी पाजीन."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि वेळही नव्हता. पोराला पाणी पाजायचं तर आधी सशाला खायला लावायचं. काय नशीब बघा! जन्मभर मी चमत्कार मोडत आलो, आणि आता एक करून दाखवायची पाळी माझ्यावर आली. बरं, बैल, म्हैस, घोडं, शेळी, सगळं हाताखालून गेलं होतं. सशाला औषध मी कधी दिलं नव्हतं.

मी हात पुढं केला. गुंडा आडवा आला. "शिवायचं न्हाई! सवळ्यात हाय!"

तेवढ्यात सोप्यावरून विजयमाला खाली उतरली. डोईवरचा पदर नीट केला, पाटाजवळ आली आणि तिनं ससा उचलून पदरात घेतला.

"सूनबाई!"

"ससा माज्या मालकाचा हाय, मामंजी," ती म्हणाली. ती गुंडाकडं पाठ करून माझ्याकडं वळली. "पोर मरंल ह्या पायी. मी आता गप बसनार न्हाई. डाक्तर, ह्येचं पोट बगा."

मी पाहिलं. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं.

"दर ऐतवारी बाजारची मानसं येत्यात," ती सांगू लागली. "पेढं चारत्यात, केळी चारत्यात, पुरनपोळी चारत्यात. दिसभर ग्वाड खातंय आन सोमवारी पोट धरून बसतंय. काल मानसं कमी आली, तर मामंजींनी कनकीत गूळ मळून सोताच्या हातानं गोळं भरिवलं. सोमवारी सांच्याला मी चुलीम्होरं बसून पोट चोळती, हराळी दावती, तवा कुठं मंगळवारी खातंय. उपास कसला आलाय!"

अंगणात कुजबूज उठली. मला वाटलं, आता गुंडाच्या लबाडीवर भडकतील. छे!

"कनीक?" मागून एकजण ओरडला. "कंट्रोलाच्या दुकानात आमाला मायलो जुंदळा, आन सशाला गव्हाची कनीक?"

लबाडी त्यांना पचली होती, गहू पचेना. तेवढ्या गोंधळात गुंडा मागं सरला आणि मी बोलून घेतलं. सशाचं पोट गवतावर चालतं. सुकं गवत, हराळी, पाला सतत पोटात जात राहिलं तरच त्याचं आतडं हलतं. गोड आणि पीठ गेलं की ते आंबतं, वारा धरतो, आतडं थांबतं. मग कसलं खाणं आणि कसला जप? तुमच्यासमोर दर सोमवारी एक मुकं जनावर कळा सोसतंय आणि तुम्ही त्याला हळदकुंकू लावताय.

"आन अमृत?" आकारामनं हळूच विचारलं.

"बाबा, सशाच्या दोन लेंड्या असतात. एक मऊ, एक सुकी. मऊ लेंडी तो बुडाला तोंड लावून परत खातो. त्याशिवाय त्याला अन्न अंगी लागत नाही. तेच तुमचं अमृत."

"आन मी खाल्ली ती?"

"ती सुकी."

आकाराम उठला आणि तोंड धुवायला रांजणाकडं गेला. अंगण हसलं. मी हसलो नाही. पोराचं रडणं बारीक होत चाललं होतं.

मग आम्ही बसलो. विजयमाला गरम फडक्यानं पोट शेकायची, दोन बोटांनी हळूहळू चोळायची, मधूनच सशाला खाली सोडून चार पावलं चालवायची. मी चमच्यानं कोमट पाणी त्याच्या जिभेवर सोडायचो. खरं सांगायचं तर डॉक्टर ती होती, मी नुसता चमचा धरून होतो. ऊन डोक्यावर आलं. सगळं गाव एका सशाच्या बुडाकडं डोळे लावून बसलेलं. एवढं एकचित्त मी कुठल्या कीर्तनातही पाहिलं नाही. मी मधून मधून हरणाबाईकडं वळून म्हणायचो, "बाई, पाज गं." ती मान खाली घालायची.

उन्हं कलायच्या सुमाराला चार बारक्या, वेड्यावाकड्या लेंड्या पडल्या. थोड्या वेळानं सशानं अंग झाडलं, पुढं सरकला आणि हराळीची एक काडी कुरतडली. मग दुसरी.

"सोमवार मोडला!" एकच गलका झाला. हरणाबाईनं तांब्या पोराच्या तोंडाला लावला. विजयमाला पेज टाकायला आत पळाली. मी भिंतीला टेकून सुस्कारा सोडला, तोच कुणीतरी हात जोडून ओरडलं, "पोरासाटी मोडला वं! दयाळू हाय म्हाराज!"

"हर हर म्हादेव!"

मी डोकं धरून खाली बसलो. काय करावं ह्या लोकांना?

पोर जगलं. पण ते सशाच्या नावावर जमा झालं, म्हणून पुढचे पाच सोमवार मी पाय ओढत खोरेवाडीला गेलो. विजयमालानं गोड बंद केलं होतं. रविवारी गवत, सोमवारीही गवत, आणि ससा सगळ्यांदेखत मिटक्या मारत खायचा. गुंडा म्हणाला, देव निघून गेला. मग एका बुधवारी शेजारी बारसं झालं, बायकांनी कौतुकानं लाडू चारले, आणि गुरुवारी ससा उपाशी! तेव्हा आकारामच बोलला, "आता काय दत्ताचा वार धरला व्हय ह्येनं? लाडवाचा वार हाय ह्यो, लाडवाचा!" गाव हसलं, आणि त्या हसण्यानं जे झालं ते माझ्या पाच भाषणांनी झालं नसतं. गुंडानं महिन्याभरात गाव सोडलं. शिराळ्याकडं बोलणारा नारळ घेऊन बसलाय म्हणतात. मी चौकशी केली नाही. दमलो होतो.

आषाढात हरणाबाई दवाखान्यात आली, लंगडतं कोकरू घेऊन. अर्जुना तिच्या पायांत लुडबुडत होता, गालावर लाली चढली होती. कोकराचं खूर साफ करता करता मी विचारलं, "काय बाई, पोर कुणी वाचवलं? सशानं का पेजेनं?"

ती दाराकडं बघून घेत हळू आवाजात म्हणाली, "दादा, रागावू नगा. ससा खायच्या आदीच मी पाजलं हुतं."

मी कोकराचं खूर सोडून तिच्याकडं पाहिलं.

"पोराचं रडनं बंद झालं, तवा काळजाचं पानी पानी झालं. तुमी समदी सशाकडं बगत हुता. मी पदराचं टोक तांब्यात बुडीवलं आन त्येच्या तोंडात पिळलं. चारदा, पाचदा. दर खेपंला वाटायचं, आता काय हुतंय! काय सुदीक झालं न्हाई. पोर चुटूचुटू चोखाय लागलं. तवा भ्या गेलं."

मी, शिकलेला डॉक्टर, सशाचं पोट चोळत बसलो होतो, आणि ही बाई पाठीमागं पोराला जगवत होती. मला तिची लाज वाटली नाही, माझीच वाटली.

म्हणून हे लिहितो आहे. वाचणाऱ्यांनो, जो बाबा जनावराला उपास धरायला लावतो, त्यानं त्याला काल काय चारलं ते विचारा. आणि तहानेनं पोराचे ओठ सुकले असतील, तर कुणाच्या परवानगीची वाट बघू नका. पाणी पाजा.