तिसऱ्या पुकारणीतली हरकत

१९८५ सालचा दुष्काळ. मुरुम गावाजवळच्या वाडीत त्या रविवारी टँकर आला नव्हता, तरी चर्चला जायचं म्हणून शांतवननं घरातलं उरलंसुरलं पाणी अंगावर ओतून घेतलं. त्याची बायको हरणाबाई रिकाम्या घागरीकडं बघत राहिली.

शांतवन चर्चच्या मंडळीचा पंच. बायबलातल्या दहा आज्ञांपैकी घरात त्याला एकच लागायची, बापाचा मान राख. सातवीत शिकणाऱ्या लेकीला, रूथला, ती तो जेवताना ऐकवी, रडतानाही ऐकवी. तिचं लग्न त्यानं चाळिशीच्या एलिया मुकादमाशी ठरवलं होतं. मुकादमाची बायको वारलेली, आणि सहकारी साखर कारखान्यात त्याचा शब्द चाले. शांतवनला तिथं वॉचमनची कायमची नोकरी हवी होती. दुष्काळ साऱ्या वाडीला होता. पोर पुढं करणारा हा एकटाच.

“बाबा, मला शाळा शिकायचीय,” रूथ म्हणाली.

“बापाला उलट बोलतीस? देवाची आज्ञा हाय!”

लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं पुकारतात आणि हरकत विचारतात. दोन रविवार हरणाबाई गप्प बसली होती. या तिसऱ्या रविवारी, भिंतीवर रंगवलेल्या दहा आज्ञांखाली उभं राहून पाळकसाहेबांनी वाचलं, “वधू रूथ, वय एकोणीस.” हे वय शांतवननं सांगितलं होतं आणि त्यांनी ते निमूट गिळलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर ही पोर जन्मली, हे समोरच्या निम्म्या बायांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सगळ्यांच्या माना खाली, जणू प्रार्थनाच चालली होती.

“कुणाची हरकत?”

हरणाबाई उठली. “हाय. माझी.”

“खाली बस!” शांतवन ओरडला.

“पाळकसाहेब, ती आज्ञा पुरी वाचा की. नुसता बापच लिवलाय व्हय तितं? आईचा बी मान राख लिवलंय. आई म्या हाय, आन म्या न्हाय म्हनते. खोटी साक्ष देऊ नगो, हे बी त्याच भिंतीवर हाय. सरुबाई, हिची नाळ तुमी कापली. सांगा, एकोणीस पुरी झाली व्हय हिला?”

म्हातारी सरुबाई पदर सावरत उठली. मग म्हणाली, “न्हाय. तेरा.”

पाळकसाहेबांनी घाईघाईनं उपासना आटोपली.

लग्न मोडलं, नोकरीही हातची गेली. रूथ आठवीत गेली. पंचांनी बैठक घेऊन नवऱ्याचा चारचौघांत अवमान केला म्हणून हरणाबाईला वर्षभर प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या पवित्र विधीतून, वगळलं. खोटं वय सांगणाऱ्याला लावायला मात्र त्यांना एकही आज्ञा सापडली नाही. त्याला पहिल्या रांगेत प्रभुभोजनाचा प्याला मिळाला, आणि तो देताना पाळकसाहेबांनी साऱ्या नियमशास्त्राचं सार प्रीती आहे, असा सुंदर उपदेश केला.

पुढच्या उन्हाळ्यात मुकादमानं दुसऱ्या गावात सोयरीक जुळवली. पोर चौदाची होती. तिथंही तिन्ही रविवार हरकत विचारली गेली.

कुणी उठलं नाही.