दुखतंय ना गो?

मित्रांनो, डोली म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर सजलेली नवरी येत असेल. माझ्यात नवरी कधीच बसली नाही. मी पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीची जुनी डोली आहे. आजारी माणसांना पायवाटेने खाली गाडीरस्त्यापर्यंत पोहोचवायचं, हे माझं काम. मेस जातीच्या बांबूची एक लांब काठी आणि तिला काथ्याच्या दोरांनी बांधलेली जाड घोंगडी, एवढंच माझं शरीर.

मला सोनबाने घडवलं. त्याच्या बापाला साप चावला तेव्हा सोनबा त्याला पाठीवर घेऊन उतरत होता. बाप वाटेतच गेला. दिवसकार्य आटोपल्यावर सोनबा बांबूच्या बेटात शिरला आणि त्याने सगळ्यात जून काठी निवडून तोडली. तिला धुरावर वाळवलं, तेल पाजलं, खांद्याला टोचू नये म्हणून कोयत्याने तिची पेरं तासली. कोणाशी फारसं न बोलता त्याने मला देवळाच्या पडवीत आणून टांगलं.

मग मी कितीतरी माणसं खाली नेली. तापाने फणफणलेली, झाडावरून पडलेली, दम्याने घुसमटलेली. बहुतेक जण बरे होऊन आपल्या पायांनी परत चढले. तेव्हा बायका माझ्या काठीला कुंकू लावत. देवीच्या पालखीखालोखाल वाडीत माझाच मान होता.

तो मान आवडीच्या दिवशी संपला.

आवडी म्हणजे रंगूबाईची थोरली सून. तिचं पहिलं मूल मुंबईला ऑपरेशन करून झालं होतं. दुसऱ्या खेपेला ती श्रावणात वाडीवर आली. रंगूबाईचा तिच्यावर जीव होता. नाचणीची गरम पेज तिला ती स्वतः नेऊन द्यायची. पण आवडीने दवाखान्याचं नाव काढलं की म्हातारी हसायची.

"आत्याबाय, डाक्टर बोललेला, दुसऱ्या टायमाला घरात थांबू नको."

"त्यांना कापायचीच सवय. माझी सगली पोरं ह्याच घरात झाली. काय व्हतंय?"

सकाळी कळा सुरू झाल्या. दुपारी त्या एकाएकी थांबल्या. "आता नाय दुखत," असं म्हणून आवडीने डोळे मिटले. जमलेल्या बायकांना हायसं वाटलं. रंगूबाईने चुलीवर चहा ठेवला. तो उकळायच्या आत आवडीचे ओठ पांढरे पडले.

माणसं धावत मला न्यायला आली. मित्रांनो, घोंगडीत निजलेलं जिवंत माणूस सारखं हलत असतं. कुशीवर वळतं, दोर धरतं, आणि त्याचा श्वास काठीपर्यंत पोहोचतो. ओढ्याच्या वळणावर माझे दोर एकदम स्थिर झाले. खांदेकऱ्यांना ते रस्त्यावर पोहोचल्यावर कळलं. मला वळणावरच कळलं होतं. आवडी गेली होती आणि तिच्या पोटातलं बाळही.

त्यानंतर वाडीत बोलणं सुरू झालं. आवडी डोलीतून उतरलीच नाही म्हणे. माझ्या काठीला लिंबू आणि बिब्बा बांधला गेला. पोटुशा बायका पडवीच्या बाजूने जाईनाशा झाल्या. रंगूबाई तर देवळात यायची तीच मागच्या दाराने. खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं. वारा पडलेल्या दुपारी माझी घोंगडी मधोमध खोलगट व्हायची, आत कोणी निजल्यासारखी. उंदरांनी माझे दोर कुरतडले. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

काही वर्षांनी रंगूबाईचा धाकटा मुलगा किशोर याची बायको दर्शना पोटुशी राहिली. तिचंही पहिलं मूल ऑपरेशनने झालं होतं. तिचे टाके पिकले होते, आणि बरेच महिने तिला आपल्या लेकराला उचलूनही घेता आलं नव्हतं. एका सकाळी ती देऊळ झाडायला आली आणि झाडून झाल्यावर थेट माझ्याखाली येऊन बसली.

"तिथनं ऊठ आधी!" रंगूबाई अंगणातूनच ओरडली.

"नाय उठत. घरात तुम्ही माझं आयकत नाय, आत्याबाय. हितं आयका. महाडच्या डाक्टरीणबाय बोलल्या, ह्या टायमाला माझं बाळंतपण कापल्याबिगर होऊ शकतं. गेल्या टायमाला पोर पायाळू होतं म्हणून कापलं. आता डोकं खाली हाय. आधीचा छेदपण आडवा हाय, तो बरा असतो."

"नको! तारीख घे नि कापून घे. मला दुसरी आवडी नको."

"तेपन त्यांनी सांगितलं. क्वचित आतली शिवण उसवते. म्हणून घरात नाय करायचं, त्यांच्या दवाखान्यात. कळा चालू असताना बाळाचे ठोके बघत राहतात, बाजूच्या खोलीत आपरेशनची तयारी असते. जरा कमीजास्त वाटलं की लगेच कापनार. मी हो बोललेय."

रंगूबाई पायरीपर्यंत आली. "आनि शिवण उसवली ते कलतं कसं?"

"कधी बाळाचे ठोके मंदावतात. कधी पोटात वेगलंच दुखतं. कधी चाललेल्या कळा एकाएकी थांबतात."

रंगूबाईने खांब धरला आणि ती हळूहळू खाली बसली. ती माझ्या घोंगडीकडे बघत राहिली.

"मी चा ठेवला व्हता गो," ती म्हणाली.

दर्शना सरकत तिच्याजवळ गेली. शेवटी रंगूबाईने नाक पुसलं. "जा. तुला पायजे तसं कर. पन मी संगती येनार."

गौरी-गणपती झाले की दर्शनाने नाते गावात तिच्या बहिणीकडे जाऊन राहायचं ठरलं. तिथून महाडचा दवाखाना जवळ. पण पोटातल्या बाळाने तेवढी वाट पाहिली नाही. एका सकाळी परसात उभी असतानाच तिला कळ आली.

माणसं पडवीत जमली खरी, पण मला हात लावायला कोणी धजेना. रंगूबाई गर्दीतून पुढे आली. तिने लिंबू आणि बिब्बा ओरबाडून फेकून दिला. सोनबाने कुरतडलेले दोर काढून नवे बांधले. गाठी पक्क्या होत्या.

आम्ही निघालो. रंगूबाई माझ्या कडेने पळत होती आणि सारखं एकच विचारत होती.

"दुखतंय ना गो?"

"दुखतंय, आत्याबाय!"

"दुखूंदे! दुखूंदे माझे बाय!"

ओढ्याच्या वळणावर दर्शना गप्प झाली. माझे दोर स्थिर झाले. मित्रांनो, त्या क्षणी माझ्यात एकीचं ओझं नव्हतं, दोघींचं होतं, दर्शनाचं आणि आवडीचं. खांदेकरी जागच्या जागी उभे राहिले.

"दर्शना! दुखतंय ना गो?"

ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं. मग घोंगडी ताणली गेली, दर्शनाने दोर मुठीत आवळला आणि "आई गं!" म्हणून ती अशी ओरडली की पलीकडच्या कड्यावरून आवाज परत आला. दोन कळांच्या मधली ती उसंत होती. रंगूबाई रडत रडत हसली. "चला रे, चला! दुखतंय तिला!"

खाली जीप उभी होती. परत येताना लागेन म्हणून मला टपावर बांधलं. महाडला पोहोचल्यावर दवाखान्याच्या ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलं. रंगूबाई माझ्या शेजारी बसली. तिने पाण्याचा घोटही घेतला नाही. दुपार कलली तेव्हा डॉक्टर अनुपमा बाहेर आल्या.

"आजी, मुलगी झाली. दोघी छान आहेत. कापावं लागलं नाही."

"आनि लागलं आसतं तर?"

"तर लगेच कापलं असतं. सगळी तयारी होती."

"मग वाचली आसती?"

"इथे होती ना ती. बहुतेक वाचली असती."

डॉक्टर आत गेल्या. रंगूबाईच्या चेहऱ्यावर आनंद आला, पण टिकला नाही. तिने माझ्या घोंगडीचं टोक हातात घेतलं, कोणाचा हात धरावा तसं. "आवडे," ती हळूच म्हणाली, "म्हंजे तूबी वाचली आसतीस."

आता वाडीतली पूजा पोटुशी आहे. तिचं पहिलं मूलही ऑपरेशनचंच. रंगूबाई काठी टेकत तिच्या दारात गेली आणि चारचौघांसमोर म्हणाली, "आवडीला मी घरात ठेवली व्हती. तू कापल्याबिगर करायचं म्हन, नायतर कापायचं म्हन, ते तू नि डाक्टर ठरवा. पन म्हयने भरायच्या आधी खाली जा."

मित्रांनो, मला तेल पाजा, माझे दोर बदला, मी अजून ओझं पेलीन. पण माझ्या भरवशावर कोणाला मागे ठेवू नका. जिच्या पोटावर जुना टाका आहे, तिला वेळ असतानाच दवाखान्याजवळ नेऊन ठेवा. मी पडवीत रिकामी लोंबकळत राहिले तरी चालेल. कारण आवडीला खरं तर माझी गरजच नव्हती. आदल्या आठवड्यापर्यंत ती ही वाट आपल्या पायांनी उतरत होती.