रविवारचा हात

"विषय चौथा," सेक्रेटरीने कागद डोळ्यांपासून लांब धरत वाचलं, "मिस्सामध्ये एकमेकांना शांती देताना पूर्वीसारखा हात मिळवायचा, की साथीपासून चालू आहे तशी लांबूनच मान लववायची?"

"लांबूनच!" मागून कोणीतरी ओरडलं. "निम्मं चर्च हातात शिंकतं आणि त्याच हाताने शांती वाटतं."

चर्चशेजारच्या हॉलमध्ये हशा पिकला. प्लास्टरताई हसली नाही. गळकं छप्पर, बंद पंखे, माइकची खरखर हे पहिले तीन विषय तिच्या कानांवरून गेले होते. एरवी मिस्सा, रविवारची उपासना, संपली की ती थेट घर गाठायची, सभांच्या वाटेला जायची नाही. आज थांबली होती ती या चौथ्यासाठी, आणि तिचे तळवे घामाने ओले झाले होते.

सव्वीस वर्षं ती इस्पितळात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालत होती, म्हणून प्लास्टरताई. पट्टी कोमट पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची, अलगद पिळायची आणि गुंडाळता गुंडाळता रोग्याला भलत्याच गप्पांत गुंतवायचं. डॉक्टर एक्स-रेचा फोटो बघून मोड सांगत, ही नुसता हात धरून सांगे. कोण पडलंय आणि कोणाला पाडलंय, हेसुद्धा. हात ओळखण्यात तिचा हात धरणारं इस्पितळात कोणी नव्हतं.

आणि तिला तीन वर्षं एकच हात हवा होता. धाकट्या बहिणीचा.

अकरा वर्षांपूर्वी त्यांची आई गेली, ती धाकटीच्या घरी. दफनाला सगळी माणसं उभी असताना थोरलीने धाकटीला सुनावलं, "वेळेवर डॉक्टर बोलावला असतास तर आई आज असती." माती अजून पुरती लोटली नव्हती. धाकटीने तिच्याकडे नुसतं बघितलं. काही बोलली नाही. तेव्हा नाही, आणि नंतरही नाही.

पण दोघी पडल्या चर्चच्या पोरी. भांडण आपल्या जागी, आज्ञा आपल्या जागी. फादर म्हणाले, "एकमेकांना शांती द्या," की द्यायची. लहानपणापासूनचं डावीकडचं तिसरं बाकही कोणी सोडेना, कारण सोडेल ती हरली. एका टोकाला ही, दुसऱ्या टोकाला ती. शांतीची वेळ आली की मधल्या चार माणसांच्या गुडघ्यांवरून दोन हात पुढे यायचे, मिळायचे, सुटायचे. ओठ ठरलेलं वाक्य पुटपुटायचे. मधले चौघे मागे रेलून वाट करून द्यायचे. त्यांना सवयच झाली होती.

त्या एका पकडीवर थोरली आठवडा काढायची. एकदा तळव्याला भाजल्याचा चट्टा लागला. म्हणजे धाकटीने वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम धरलंय असं कानावर आलं होतं, ते खरं तर! एकदा हात तापलेला होता, आणि पुढचा रविवार येईपर्यंत थोरलीच्या तोंडची चव गेली होती. मग बोटांची पेरं जाड लागायला लागली. 'रात्री कोमट पाण्यात धरत जा गं,' तिने मनातल्या मनात बजावलं.

एवढ्यात साथ आली. चर्च बंद झालं, उघडलं, पण हात परत आले नाहीत. आता धाकटी लांबून मान लववायची. मान काय, दुकानदारालाही लववतात. मानेत ताप कळत नाही.

खरं म्हणजे हात सोडून बोलायला हवं होतं, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. बहिणीच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर वेदीवरचं दान तसंच ठेव, आधी तिच्याकडे जा, असं येशूने सांगून ठेवलंय. त्यात कुठेही, जमलं तर, असं म्हटलेलं नाही. आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी धाकटीचा फोन आला होता. "ताई, आईच्या छातीत कळ येतेय. डॉक्टरला बोलवू?" थोरली दिवसभर उभी राहून नुकती घरी आली होती. "गॅस असेल. सोडा दे. मी सकाळी बघते," म्हणाली. सकाळी बघायला आई नव्हती. हे फक्त त्या दोघींना ठाऊक होतं. पण माफी मागायला तोंड लागतं. रविवारी हात पुढे करायला नुसतं कोपर सरळ करावं लागतं. म्हणून तिने आठ वर्षं कोपरावर भागवलं.

"हल्ली तर फोनवरसुद्धा जोडलेले हात पाठवता येतात," सेक्रेटरी म्हणाला. "आरोग्याच्या दृष्टीनेही उत्तम."

फादर तरुण होते, नवे होते, त्यांना कोणालाच दुखवायचं नव्हतं. "आणि हात मिळवला नाही म्हणून प्रेम थोडंच आटतं? एकमेकांशी बोलता येतंच की!"

"ज्यांना बोलता येतं त्यांना येतं, फादर."

कोण बोललं म्हणून माणसं वळली. प्लास्टरताई उभी होती. उभी कशी राहिली, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"कोणाकोणाला नाही येत. त्यांचं सगळं त्या हातावरच चालतं." तिने पदराने तळवे पुसले. "त्या कुष्ठरोगी माणसाला येशूला लांबूनही बरं करता आलं असतं. त्याला काय अवघड होतं? पण त्याने आधी हात लावला. आरोग्याच्या दृष्टीने ते बरोबर नव्हतं."

कोणी हसलं नाही. ती खाली बसली.

"बरं," सेक्रेटरी घसा साफ करत म्हणाला, "हात मिळवावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

म्हाताऱ्यांचे वर झाले, काही बायकांचे झाले. प्लास्टरताईने हात वर धरूनच मागे बघितलं. दारापाशी शेवटच्या बाकावर धाकटी बसली होती.

"दहा, अकरा, बारा," सेक्रेटरी मोजत होता. "तो मागचा हात वर आहे, की आपला असाच?"

"वरच आहे," धाकटी म्हणाली. "याच्यापेक्षा वर जात नाही."

हात कानाच्या पाळीपर्यंत आला होता. बोटं आत वळलेली, पेरं गाठींसारखी. हे एका वर्षाचं काम नव्हे. थोरलीला ते इतक्या लांबूनही दिसलं.

तेरा विरुद्ध एक्केचाळीस. मान लववायची ठरली. फादरांनी प्रार्थना म्हटली, आणि माणसं बाकं भिंतीला लावायला उठली.

शेवटच्या बाकाचं एक टोक धाकटीने उचलायला घेतलं होतं. दुसरं टोक कोणी धरेना. थोरली गेली आणि वाकली.

"बोटांनी धरू नकोस," ती म्हणाली. इस्पितळात रोज शंभरदा निघतो तोच आवाज निघाला. "खालून हात घाल. वजन कोपरावर घे."

"कळतं मला."

पण तिने तसा हात घातला. बाक उचललं गेलं. चार पावलं झाली, आणि हॉलच्या मधोमध थोरली थांबली.

"डॉक्टर नको, असं मीच सांगितलं होतं."

"माहितीये. फोनवर मीच होते ना."

"आणि लोकांसमोर मात्र तुला..."

"ताई," धाकटी म्हणाली, "बाक जड आहे. चल."

त्या चालू लागल्या. थोरली पाठमोरी, एकेक पाऊल मागे टाकत, समोरून धाकटी सांगत होती, "डावीकडे घे. अजून. खांब आहे मागे." कोणीतरी मदतीला पुढे आलं, तेव्हा दोघींनी एकदमच मान हलवून नको म्हटलं.

बाक भिंतीला टेकलं. धाकटीने आपलं टोक सोडलं नाही, म्हणून थोरलीनेही सोडलं नाही.