परसातली तार

दोन देशांच्या सैन्यांमध्ये बोलायला एकच थेट फोन होता, आणि त्याची तार केबल जोडणाऱ्या जॉइंटरच्या परसातून जात होती. रोज दुपारी बाराला इकडचा साहेब विचारायचा, "ऐकू येतंय?" पलीकडचा म्हणायचा, "येतंय." एक दिवस जरी उत्तर चुकलं, तर दोन्हीकडच्या तोफा सज्ज आणि सीमेच्या कुंपणाला लागून असलेलं जॉइंटरचं घर तासाभरात रिकामं, असा लेखी नियम होता.

त्या दिवशी साडेअकराला जॉइंटरच्या मेहुण्याने कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी खांब रोवायला घेतला आणि नेमकी तीच तार तोडली.

"भाऊजी, मला वाटलं झाडाची मुळी आहे."

"मुळीत तांबं असतं का रे, शहाण्या?"

जॉइंटर पक्कड घेऊन खड्ड्यात उतरला. वीस मिनिटांचं काम. तेवढ्यात साहेब रजिस्टर काखेत मारून धापा टाकत आला.

"हात लावू नका! तार उघडण्याआधी पलीकडची परवानगी लागते. ह्याच फोनवरून."

"साहेब, तो फोनच मेलाय."

"त्याबद्दल नियमात काही नाही."

बाराला दोन मिनिटं उरली. घरात भांड्यांची बांधाबांध करणाऱ्या बायकोने हातातलं पातेलं आपटलं आणि ती तरातरा कुंपणाशी गेली.

"अहो वहिनी! ऐकू येतंय का, विचारतायत!"

पलीकडच्या जॉइंटरची बायको कपडे पिळता पिळता ओरडली, "थांबा हं, आमच्या साहेबांना विचारते!" मग म्हणाली, "येतंय म्हणे! आणि तुमचा गुडघा कसाय?"

साहेबाने रजिस्टरात लिहिलं, 'आवाज नेहमीपेक्षा स्पष्ट.' खाली 'गुडघा' लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"आता हिलाच परवानगी मागू द्या," जॉइंटर म्हणाला, "म्हणजे तार जोडून टाकतो."

"कशाला? चाचणी झाली की! बिघाड नसताना तार उघडणं म्हणजे घातपात."

"जोडा नाहीतर राहू द्या," बायको म्हणाली. "मी उद्या सकाळी माहेरी चाललेय. आठ दिवस."

साहेबाचं पेन थबकलं. "तुम्हाला असं जाता येणार नाही, बाई. आता तार म्हणजे तुम्हीच. परवानगी लागेल."

"कुणाची? ह्यांची?"

साहेबाने कुंपणापलीकडे बोट दाखवलं.

बायकोने कपाळावर हात मारला आणि पुन्हा हाक दिली, "वहिनी! मला माहेरी जाऊ देता का, विचारा तुमच्या सैन्याला!"

उत्तर नकाराचंच यावं म्हणून जॉइंटर खड्ड्यात बसल्या बसल्या परक्या सैन्याला मनातल्या मनात हात जोडत होता.