खांब रस्त्यावरचे

जामसरच्या पुष्पलताने जव्हारच्या एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटर सेंटर काढलं, तेव्हा गावात इंटरनेट यायचं ते सरकारी फोनच्या तारेतून. घाटात झाड पडलं की तार तुटायची आणि सेंटर आठवडाभर ओस पडायचं. खोडाळ्याकडची पोरं निकाल बघायला दोन गाड्या बदलून यायची आणि तशीच परत जायची.

म्हणून २००५ साली केबलवाल्या सुशीलने टेकडीवर डिश बसवून खासगी नेट आणायचं ठरवलं, तेव्हा पुष्पलता त्याच्या बाजूने उभी राहिली. तारेसाठी रस्त्यात खांब रोवायला नगरपरिषदेत काही जणांचा विरोध होता. नेट सरकारनेच का विकावं, ज्याला जमेल त्याला विकू द्या, असं तिने त्यांना ठणकावून सांगितलं. सुशीलला वर्षाची परवानगी मिळाली. नेट सुसाट धावू लागलं आणि तिने सरकारी जोडणी परत करून टाकली.

दिवाळीनंतर सुशीलच्या मेहुण्याने तिच्या समोरच सेंटर थाटलं. तेव्हापासून दुपार झाली, गिऱ्हाईक जमलं, की पुष्पलताकडे एक पान उघडायला चहा पिऊन व्हायचा. समोर मात्र फटाफट कामं चालायची. दोन्हीकडे तार एकाच खांबावरून आलेली. ती सुशीलकडे गेली. त्याने काही लपवलं नाही.

"तार माझी आहे ताई. कुणाला किती सोडायचं ते मी ठरवणार. बाजार मोकळा करा, हे तुम्हीच म्हणाला होतात ना?"

हे तिला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने परत सरकारी जोडणी मागितली, पण यादी लांबलचक होती. मग ती नगरपरिषदेत गेली. सुशीलच्या खांबांची परवानगी संपत आली होती. ती वाढवताना अट घाला, असं तिचं म्हणणं होतं: पैसे सगळ्यांकडून सारखे घेणार असाल, तर नेटही सगळ्यांना सारखंच द्यायचं.

दामोदरकाका जुने नगरसेवक. त्यांना हसू आवरेना. गेल्या वर्षी नियम नकोत म्हणून भांडलीस, आता नियम हवेत म्हणून भांडतेस, नक्की कुठल्या बाजूची तू, असं त्यांनी भर सभेत विचारलं.

"दोन्ही वेळा माझं बरोबरच होतं, काका," पुष्पलता म्हणाली. "तेव्हा दार बंद होतं, ते उघडायला लावलं. आता हा दारातच उभा राहून कुणाला आत सोडायचं ते ठरवतोय. तार त्याची असेल. पण खांब आपल्या रस्त्यात उभे आहेत."

सुशील चिडून उठला. अशी अट घातली तर खांब उपटून नेईन, मग बसा सगळे सरकारी तारेची वाट बघत, असं तो म्हणाला. नेट गेलं तर पहिलं पुष्पलताचंच सेंटर बंद पडणार, हे सगळ्यांना कळत होतं.

"उद्या सकाळीच न्या," ती म्हणाली.

अट मंजूर झाली. खांब काही त्याने काढले नाहीत, रागाने तिची तेवढी तार कापली. तिने सेंटर तरीही रोज उघडलं. नेटशिवाय टायपिंग शिकवलं, अर्ज छापून दिले. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. आई जामसरहून येऊन म्हणाली, पड ना बाई जरा नमतं. पुष्पलताने तिला जेवू घातलं. तार कापल्याची तक्रार मात्र तिने दुसऱ्याच दिवशी दिली होती, आणि नगरपरिषदेने सुशीलची परवानगी वाढवायचं अडकवून ठेवलं.

एका सकाळी सुशील शिडी घेऊन आला. सरळ तिच्या भिंतीला शिडी लावून तार जोडायला चढला. जमीन उताराची, शिडी डगमगू लागली. पुष्पलताने पुढे होऊन ती दोन्ही हातांनी धरली.

"दुपारी मी बघणार आहे," ती खालून म्हणाली. "हळू चाललं, तर परत सभेत येईन."