‘हो’ फलाटावर थांबलेली गाडी

“थांबली! थांबली!”

रेल्वे संग्रहालयाच्या मागच्या दालनात पन्नासेक माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावून बघत होती. टेबलावरच्या रुळांवर गरगर फिरणारं वीतभर लांबीचं इंजिन, कुणी हात न लावता, ‘हो’ आणि ‘नाही’ अशा पाट्या लावलेल्या दोन फलाटांपैकी ‘हो’पाशी थांबलं होतं. एक म्हातारी डोळे पुसत होती. तिच्या गेलेल्या मुलाने वरून कळवलं होतं, की तो सुखात आहे.

“गाडी दिसायला लोखंडाची, पण ओढतो तो आत्मा!” काळ्या खड्याच्या अंगठीचा हात टेबलावर टेकून गार्डबाबा गरजले. “वरून लाइन क्लियर मिळाल्याशिवाय चाक हलत नाही. चला, पुढचा प्रश्न!”

बाबांच्या अंगावरचा गार्डाचा जुना कोट आमच्या संग्रहालयातलाच. बटणं मी शिवलेली. वरची लाइन क्लियर असो-नसो, सकाळी मी खालचं बटण दाबल्याशिवाय आत्म्याचं काही चालत नसे. पण हे मी कुणाला बोललो नाही.

आम्ही तिघं इथले बिनपगारी हौशी. मी निवृत्त फिटर. विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई छोटी स्थानकं नि पूल बनवत. आणि रंगारी, माझा तीस वर्षांचा दोस्त, जुन्या डब्यांचा गंज खरवडून त्यांना मूळचा रंग देई. अकरा वर्षं आम्ही खपलो, पण बघायला यायचं कोण? संडास कुठे आहे विचारणारे. अशातच एकाने या गाडीची चौकशी केली, तेव्हा मी हरखून गेलो. टेबलाखाली वाकून त्याला सगळं दाखवलं. पुढच्या महिन्यात तो कोट मागून घेऊन बाबा झाला. दालन भरू लागलं, व्यवस्थापक खूश झाले. आणि खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. आपली गाडी बघायला माणसं येतात म्हणून मी तोंड शिवून बसलो.

मग एका दुपारी रंगाऱ्यानेच प्रश्न विचारला. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, लहानपणापासूनचा मधुमेह. रोज इन्सुलिन. टोचून घ्यायला त्या विटल्या होत्या.

“हिची इंजेक्शनं बंद करू का?”

गाडी ‘हो’पाशी थांबली.

मी त्याला बाहेर गाठलं. “अरे, डोकं फिरलं का तुझं? आधी डॉक्टरांना विचार.”

“तू नटबोल्टातला माणूस. तुला यातलं काय कळतं?”

“अरे, ती गाडी मीच...” आत टाळ्या कडाडल्या आणि मी अडखळलो. “मीच जोडलीय ती.”

“जोडलीस तू. चालवतो तो.”

तिसऱ्या दिवशी वहिनींना बेशुद्धावस्थेत इस्पितळात नेलं. तेव्हा कुठे मी बाईंकडे गेलो आणि सगळं ओकलो.

“आणि हे तुम्ही मला आज सांगताय?” एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत बाई पुढे झाल्या. हातात साधं होकायंत्र. “बाबा, अंगठीचा हात जरा इकडे आणा.”

हात लांबच राहिला, पण बाईंनीच होकायंत्र त्याच्याजवळ नेलं. सुई गर्रकन वळली.

“अंगठीतला काळा खडा लोहचुंबक आहे,” बाई म्हणाल्या. “रुळांखाली स्विच आहेत. चुंबक जवळ आलं की वीज तुटते आणि गाडी थांबते. हे बघा.” त्यांनी पिशवीतून चुंबक काढून ‘नाही’च्या फलाटाशी धरलं. गाडी थांबली. उचललं, सुटली. “विचारा कुणालाही काहीही. उत्तर मी ठरवीन.”

“लाइन विटाळलीत तुम्ही!” असं ओरडत बाबा दाराकडे सरकले. मला वाटलं, लोक त्यांना धरतील. निम्मे त्यांच्या मागोमाग बाहेर पडले. ती म्हातारी बाईंपाशी थांबली. “माझा मुलगा बोलत होता माझ्याशी. तुम्हाला काय मिळालं?”

वहिनी त्याच संध्याकाळी गेल्या.

दहा दिवसांनी मी रंगाऱ्याच्या घरी गेलो. चुंबक, स्विच, सगळं परत समजावलं. तो खाली बघत ऐकत राहिला.

“बाबा खरा असेल, तर तिची वेळच आली होती,” अखेर तो म्हणाला. “तुझं चुंबक खरं असेल, तर तिला मी मारलं. सांग, मी काय मानू?”

तो आता दुसऱ्या गावी त्याच बाबाच्या दर्शनाला जातो. तिथे गाडी नाही, घड्याळ आहे म्हणे.

म्हणून एवढंच सांगतो. चमत्कार दिसला की बाबाच्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा. औषधाचं डॉक्टरांना विचारा. आणि आतली कळ तुम्हाला ठाऊक असेल, तर पहिल्याच दिवशी, टाळ्या चालू असतानाच, ओरडून सांगा. नंतर ते ऐकण्याची ताकद कुणातच उरत नाही.