योग्य! योग्य! योग्य!

करांतियाने लेकाच्या गाठोड्यात लोकरीचे मोजे कोंबले आणि पुन्हा बाहेर काढून गालाला लावून पाहिले. ओलसर तर नाहीत ना? लुपुलला जरा गारठा लागला की छाती भरायची. भावाला हे सांगून झालं होतं, तरी तिने परत सांगितलं.

"करांती, मी वैद्य आहे," सेनेकिओ म्हणाला. "बुर्दिगालातल्या निम्म्या पोरांचा खोकला मीच घालवलाय."

"ती पोरं आयांच्या कुशीत झोपतात."

त्याने तिच्या हातातले मोजे घेऊन गाठोड्यात ठेवले.

बेत तिचाच होता. सेनेकिओला मूलबाळ नव्हतं. त्याने लुपुलला आपल्या शहरी, बुर्दिगालाला न्यायचं, दत्तक घ्यायचं. रोमच्या कायद्याने वैद्याच्या मुलावर नगरसभेत बसायची सक्ती नसते. सभेत नाव पक्कं व्हायच्या आत पोर वैद्याचं झालं की सुटलं. त्यासाठी चार वर्षांचं लेकरू आपल्यापासून तोडायचं होतं. नवऱ्याला, विटालिसला, तिनेच हे सुचवलं आणि तो "बरं" म्हणाला म्हणून मग कितीतरी दिवस त्याच्याशी धड बोलली नाही.

नगरसभेतली जागा म्हणजे एके काळी मान होता. आता गळ्यातला फास. आपल्या वेसुन्ना गावाच्या पंचक्रोशीचा कर सभासदांनी गोळा करायचा आणि कमी पडेल तो घरातून भरायचा. कमी पडणारच. गावंच्या गावं आपल्या जमिनी एका बड्या धनिकाच्या नावावर करून त्याच्या आसऱ्याला गेली होती, आणि वसुलीवाले त्याच्या फाटकाशी गेले की तो कुत्री सोडायचा. मागच्या सुगीनंतर विटालिसने नदीकाठचा द्राक्षमळा याच पायी विकला. आणि सभासदाच्या पोटी जन्मलेला मुलगा सभासदच. बापाची जमीन राहो न राहो, बापाची जागा त्याला चिकटलेली.

सासऱ्यांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. मातेर्नुस मानासाठी जगणारा म्हातारा. त्याच्या आजोबांनी गावाला स्नानगृहातली गरम खोली बांधून दिली होती. हल्ली तिथे लोक बकऱ्या बांधत, तरी म्हातारा जाता-येता त्या भिंतीला हात लावल्याशिवाय पुढे जात नसे. "पोर मामाकडे हवापालटाला चाललंय," एवढंच त्याच्या कानावर घातलं होतं.

"बरं, लुपुल कुठाय?" सेनेकिओने विचारलं. "खेचर ताटकळलंय."

तो अंगणात नव्हता. मोलकरीण चुलीपुढून म्हणाली, "आजोबा घेऊन गेले की! जांभळ्या काठाचं पांढरं वस्त्र नेसवलं, केस विंचरले. म्हणाले, परगावी जायच्या आधी पोराला त्याची जागा दाखवून आणतो, आमच्या घरची रीत आहे."

करांतिया तशीच धावत सुटली, डोक्यावर कापडसुद्धा न घेता.

सभागृहाच्या उंबऱ्यापर्यंतच बायकांना मुभा. आत बहुतेक बाक रिकामे होते; उरलेले सभासद अंगाभोवती घोंगड्या आवळून एका कोपऱ्यात बसले होते. त्यांच्यात विटालिस, मान खाली घालून. आणि समोरच्या दगडी बाकावर पाय लोंबकळवत लुपुल.

"ही माझ्या आजोबांची जागा," मातेर्नुस थरथरत्या आवाजात सांगत होता. "मग वडिलांची, मग माझी, मग माझ्या मुलाची. आणि हा तिचा पुढचा धनी!"

सभाप्रमुख कालेनुस काही दुष्ट माणूस नव्हता, थकलेला होता. उपाशी माणसाने भाकरीकडे पाहावं तसा तो पोराकडे पाहत होता. "बाबा, मग आजच नाव घेऊ या की. मंडळी, बोला!"

सभेने तीनदा 'योग्य' म्हटलं की नाव पक्कं. मग ते कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

"योग्य!"

लुपुलला मजा वाटली. त्याने टाळ्या पिटल्या.

"योग्य!"

"विटालिस," कालेनुसने हात वर करून सगळ्यांना थांबवलं, "तुझं तोंड का शिवलेलं? बाप तू. तू म्हण, मग आम्ही म्हणतो. आणि तुझ्या दारात खेचर कुणासाठी उभं आहे रे?"

"बायकोला माहेरी धाडत असेल," कुणीतरी म्हणालं, आणि घोंगड्या हसल्या.

शेजारी बसलेला सोलेम्निस हसला नाही. तो विटालिसचा लहानपणापासूनचा दोस्त. खालच्या आवाजात बोलला, पण त्या रिकाम्या दालनात सगळंच ऐकू यायचं. "विट्या, तुझं पोर निसटलं तर त्याचा वाटा माझ्या दोघा पोरांच्या डोक्यावर येईल. लहान आहेत रे तीही."

विटालिसने दाराकडे पाहिलं. त्याच्या नजरेपाठोपाठ सगळ्या माना वळल्या. करांतियाला ओरडायचं होतं. पण काय ओरडणार? माझा मुलगा योग्य नाही? सोलेम्निसची पोरं जाऊ देत खड्ड्यात? तिने तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते एवढंच: "लुपुल, पाय हलवू नकोस, पडशील."

सगळे मायेने हसले. त्या हसण्यातच विटालिसने म्हणून टाकलं, "योग्य." गुरांच्या बाजारात नुकसानीचा सौदा मान्य करताना बोलतात तसं. मग बाकीच्यांनी छत दणाणून सोडलं.

बाहेर आल्यावर म्हाताऱ्याचे डोळे वाहत होते. "सूनबाई, ऐकलंस? माझ्या वेळी सभा गच्च भरलेली होती, पण असा आवाज नव्हता!"

"हो, मामंजी."

नातवाला तिच्या हाती सोपवून तो काठी टेकत वाटेतल्या प्रत्येकाला थांबवून सांगत पुढे निघून गेला. विटालिस बाहेर आलाच नाही.

सेनेकिओ खेचर घेऊन चौकात पोचला होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. आवाज रस्त्यापर्यंत गेला होता. "आत्ता उचलून नेलं तर?"

"तर विटालिसला कोंडतील. आणि याला माघारी आणतील."

त्याने खोगिराचा पट्टा उगाच सैल करून पुन्हा आवळला. "पुढची मुलगी होऊ दे," तो म्हणाला. "तिला सभेत बसवत नाहीत." थट्टाच करायची होती त्याला, पण हसायचं राहूनच गेलं. मग तो खेचरावर चढला आणि वेशीकडे निघून गेला.

लुपुलने तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. "आई, मामा मला सोडून गेला?"

"हो."

"मग मी तुझ्याजवळच राहणार? नेहमी?"

"नेहमी, राजा."

त्याने दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला मिठी मारली. आणि करांतियाच्या आत, जिथे आता दुसरं काही मावायला नको होतं तिथे, आनंद उसळला. तो कसा दाबावा, तिला समजेना.